दुकान आपले, कागद कोणाचा?

ज्या दुकानात आपण रोज बसतो ते कागदावर कोणाच्या नावे आहे, असे विचारले तर पुष्कळ व्यापारी बांधव म्हणतात, "वडिलांच्या काळापासून आमचेच आहे." ताबा खरा, पण बँक नुसत्या ताब्यावर कर्ज देत नाही.

आमचाच अनुभव सांगतो. लग्नसराईचा कापडमाल भरण्यासाठी आम्ही दुकान तारण ठेवायला गेलो. दुकान आजोबांच्या नावे होते. त्यांच्या पश्चात वारसनोंद झालीच नव्हती. चुलते, आत्या, त्यांची मुले धरून अकरा हिस्सेदार निघाले. कर्ज अडले आणि माल उधारीवर चढ्या भावाने घ्यावा लागला. चूक बँकेची नव्हती, आमच्या घरची होती.

पेरू देशाचे अर्थतज्ज्ञ हर्नांदो डी सोटो यांनी २००० साली आपल्या पुस्तकात अशा मालमत्तेला 'मृत भांडवल' म्हटले. घर आहे, जागा आहे, पण पक्का कागद नसल्याने ती धंद्याच्या कामी येत नाही. कागद असला की कर्ज मिळतेच असे नाही. बँक उत्पन्नही पाहते. पण कागदाशिवाय बोलणीच सुरू होत नाहीत.

बीड जिल्ह्यात एक अडचण जादा आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि निजामाच्या काळातील कागद उर्दूत आहेत. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, म्हणून लोक जुने मुन्तखब वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. त्यात इनामाचा प्रकार आधी पाहावा. मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेले इनाम. खिदमतमाश म्हणजे मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेले. १९५४ साली हैदराबादेत इनामे रद्द करण्याचा कायदा झाला, तरी धार्मिक संस्थांची इनामे त्यातून वगळली होती. खिदमतमाश जमीन सेवेकऱ्याची खासगी मालकी नव्हे. ती स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्याचे पैसे बुडतात आणि संस्थेचेही नुकसान होते.

आता तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, खरेदीखत. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेचे खरेदीखत नोंदवावेच लागते. नोटरीसमोर केलेल्या करारावर मालकी मिळत नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावरही मालकी जात नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०११ साली स्पष्ट केले.

दुसरी, फेरफार. खरेदीनंतर सातबारावर किंवा शहरात मालमत्ता पत्रकावर आपले नाव लागले का, ते स्वतः पाहावे. सातबारावरील नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते, पण ती खरेदीखताची जागा घेत नाही. घरपट्टीची पावती तर मालकीचा कागदच नव्हे.

तिसरी, वारसनोंद. जमीनधारक वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. तेव्हा बहिणींची नावे गाळू नयेत. त्यांचा हिस्सा शरीअतने ठरवला आहे. तो लपवला तर गुनाह आहेच, शिवाय पुढे दावा उभा राहून सगळ्यांचीच मालमत्ता अडकते. बहीण खुशीने हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे.

आम्ही अकराही वारसांची नावे लावली, आत्यांचा हिस्सा पैशांत चुकता केला आणि रीतसर दस्त नोंदवले. यात दोन वर्षे गेली. मग त्याच बँकेने त्याच दुकानावर कर्ज दिले. दुकान तेच होते, भिंती त्याच होत्या. फक्त कागद बदलला होता.

या जुम्याला सवड काढून घरातील कागदांची पेटी उघडा. थोरली माणसे हयात आहेत, तोवर विचारून घ्या.