तुर्की कामगार आणि एका सिद्धांताची पारख

एका पेठेचा काटा दुसऱ्या पेठेत नेला की प्रथम त्याचा पासंग पाहावा लागतो, हे व्यापारी वाचकांस सांगणे नको. मेट्रिक वजने येण्यापूर्वी मणदेखील गावोगाव निराळा असे. मानसशास्त्राची मापेही अशीच पारखून घ्यावी लागतात. त्याचे एक उदाहरण आम्ही येथे देत आहोत.

व्यवसायाच्या निवडीविषयीच्या जुन्या अमेरिकन उपपत्ती, जॉन हॉलंड यांची सहा स्वभावप्रकारांची मांडणी त्यांतलीच, मनुष्यापुढे निवडीस वाव आहे असे गृहीत धरून चालतात. पण ज्याच्या घरी रात्रीच्या पिठाची विवंचना, त्यास आवड विचारून काय साधणार? डेव्हिड ब्लुस्टीन यांनी २००६ साली आपल्या ग्रंथात हाच आक्षेप घेतला. पुढे २०१६ साली रायन डफी, ब्लुस्टीन व त्यांचे सहकारी यांनी नवा सिद्धांत मांडला. तो थोडक्यात असा : दारिद्र्य व सामाजिक उपेक्षा यांमुळे सन्मानाचे काम मनुष्यास दुरावते, कारण निवड करण्याची उमेदच त्यामुळे खचते. तसे काम लाभले तर पोटाची, आपलेपणाची आणि स्वतंत्र वृत्तीची भूक भागून जीवनात समाधान येते.

‘सन्मानाचे काम’ ही कल्पना आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९९ साली पुढे आणली होती. ती मोजण्यासाठी २०१७ साली पंधरा विधानांची मापनी तयार झाली. सुरक्षित परिस्थिती, औषधोपचाराची सोय, पुरेसे वेतन, विश्रांती, आणि कामाच्या ठिकाणची व घरची मूल्ये यांचा मेळ, ही तिची पाच अंगे. मात्र ती बेतली होती अमेरिकन कामगारांवर.

२०१९ साली तिचे तुर्की रूप प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी अल्प उत्पन्नाच्या तुर्की नोकरदारांवर सिद्धांताची परीक्षा झाल्याचा निबंधही आला. मुख्य मांडणी तेथे बऱ्याच अंशी टिकली. परंतु आम्हांस निकालापेक्षा पारखच अधिक उद्बोधक वाटते. शब्द भाषांतरित झाला म्हणजे अर्थ पोहोचलाच असे नव्हे. अमेरिकेत आजारपणाचा विमा बहुधा मालकाकडून मिळतो. तुर्कस्तानात २००८ पासून सरकारची सर्वसाधारण आरोग्य विमा योजना आहे. मग औषधोपचाराचे विधान दोन्ही देशांत एकाच वजनाचे कसे धरावे? सुरक्षिततेचेही तसेच. मे २०१४ मध्ये सोमा येथील कोळशाच्या खाणीत ३०१ कामगार मृत्यू पावले. ज्या देशाने ते पाहिले, तेथील मजुरास ‘सुरक्षित’ हा शब्द पुस्तकी वाटत नसावा. कायद्याने आठवड्याचे ४५ तास ठरलेले आहेत, पण नोंदणीबाहेर राबणाऱ्यास त्याचा आधार किती?

शिवाय एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नपत्रिकेने कारण कोणते व परिणाम कोणता हे ठरत नाही. समाधानी मनुष्य आपले कामही चांगलेच सांगेल.

आमच्या पेठेतील हमालांस हीच विधाने मराठीत विचारावयाची झाली, तर विश्रांतीपाशीच गाडे अडेल. हंगामात रात्री उशिरापर्यंत पोती उतरतात, आणि पुढे कित्येक दिवस गाडीच लागत नाही. त्या रिकाम्या दिवसांस विश्रांती म्हणावे की बेकारी, हे त्या हमालासच विचारावे लागेल.