गृध्रसी, वेदनाशामके आणि रक्ततपासणी

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या 28व्या अध्यायात गृध्रसीचे वातज व वातकफज असे दोन प्रकार सांगितले आहेत. मणक्यांमधील चकती सरकल्याने कंबरेतून पायात उतरणारी कळ घेऊन येणारे बहुतेक रुग्ण डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन आधीच घेत असतात. त्यांचा रक्ततपासणीचा अहवाल कसा वाचावा, याचा येथे विचार करू.

शोथदर्शक चाचण्या : ही औषधे सायक्लोऑक्सिजनेज या विकराला रोखून प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती घटवितात, हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखविले. सी.आर.पी. मात्र यकृतात मुख्यत्वे इंटरल्यूकिन-6च्या प्रेरणेने तयार होते. त्यामुळे वेदना शमली तरी सी.आर.पी. वा ई.एस.आर. उतरेलच असे नाही. शिवाय केवळ चकतीच्या विकारात ही दोन्ही मूल्ये बहुधा प्राकृत किंवा किंचित वाढलेली असतात. ती बरीच वाढली असतील, तर निदानाचा फेरविचार करावा.

पुण्यातील आमच्या चिकित्सालयात गृध्रसी म्हणून आलेल्या एका रुग्णाचा ई.एस.आर. 90 होता. गोळ्यांमुळे ज्वर दबलेला होता. आम्ही दोन आठवडे बस्तिचिकित्सा करीत राहिलो, पुढे एम.आर.आय.मध्ये मणक्याचा क्षय आढळला. तो विलंब आमच्या पदरी आहे.

इतर चाचण्या : दीर्घकाळ सेवनाने क्रिएटिनिन व पोटॅशियम वाढू शकते, मूत्रल व रक्तदाबाची काही औषधे सोबत असल्यास धोका अधिक. डायक्लोफेनॅकने एस.जी.पी.टी. वाढू शकते. हिमोग्लोबिन उतरत असल्यास आमाशयातील सूक्ष्म रक्तस्रावाची शंका घ्यावी.

आपली औषधे : पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी जानुसंधिवाताच्या 440 रुग्णांवर केलेला 24 आठवड्यांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शुंठी-गुडूचीयुक्त कल्प सेलेकॉक्सिबच्या तोडीचे ठरले. परंतु हे कल्प घेणाऱ्या काही रुग्णांत एस.जी.पी.टी. वाढले व औषध थांबविल्यावर सुधारले. हा अभ्यास मणक्याचा नसला तरी बोध स्पष्ट आहे : जी तपासणी आपण आधुनिक औषधासाठी मागतो, ती आपल्या औषधासाठीही करावी.

औषधविक्रेत्या बंधूंनी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चिठ्ठीविना देऊ नयेत आणि लेबल नसलेली ‘वातावरची’ चूर्णे ठेवू नयेत. त्यांत स्टेरॉइडची भेसळ असल्यास सी.आर.पी. उतरते, रक्तशर्करा चढते आणि वैद्याची दिशाभूल होते.

सारांश, वेदना शमली म्हणजे व्याधी शमली असे नव्हे. प्रथम भेटीतच रुग्णाने घेतलेल्या गोळ्यांचे नाव, मात्रा व काळ यांची नोंद करावी आणि मगच अहवाल उघडावा.