माड, ताड की शिंदी?

पाड्यावरच्या वसतिगृहाला झाडांसाठी देणगी देताना पुष्कळजण सांगतात, ‘नारळच लावा.’ पण आधी तिथली हवा आणि पाणी पाहावे.

किनाऱ्याची दमट हवा माडाला मानवते. दोन माडांत ७.५ मीटर अंतर हवे. कोरड्या भागात मात्र उन्हाळ्यात त्याला रोज सुमारे ४० लिटर पाणी लागते. जिथे आयाबाया डोक्यावरून हंडे आणतात, तिथे हे पाणी कोण आणणार? तिथे शिंदी बरी. ती ऊन सोसते, तिच्या पातींचे झाडू व चटया होतात. ताडही काटक, पण त्याचा कोंब आधी जमिनीत खोल जातो, म्हणून रोप हलवू नये, बी जागेवरच पेरावे. ताडगोळ्यांसाठी १२-१५ वर्षे धीर धरावा लागतो.

तिन्ही झाडांचा जीव शेंड्यातल्या एकाच कोंबात असतो. तो भुंग्याने पोखरला किंवा कुजला, तर झाड मरते. म्हणून हिरव्या झावळ्या तोडू नयेत, फक्त वाळलेल्या काढाव्यात. शेणखताचा ढीग जवळ ठेवू नये. गेंड्या भुंग्याच्या अळ्या त्यातच वाढतात.

लागवड पावसाळ्याच्या तोंडावर करावी. आणि रोप देण्याआधी पाड्यावरच्या बायांना एवढे जरूर विचारावे: वैशाखात पाणी पुरेल का?