लाल औषध आणि आईची धाप

प्रश्न : आईला स्तनाच्या कर्करोगासाठी लाल रंगाचं केमो चालू आहे. हल्ली जिना चढताना तिला धाप लागते. औषधाने हृदय बिघडतं का?

उत्तर : ते बहुधा डॉक्सोरुबिसिन असावं. त्याने हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो. धोका एकूण मात्रेबरोबर वाढतो, म्हणून डॉक्टर आतापर्यंतच्या मात्रेचा हिशेब ठेवतात. धाप रक्त कमी झाल्यानेही लागते; तरी ‘केमोचा थकवा’ म्हणून सोडून देऊ नका. पुढच्या केमोआधी हिमोग्लोबिन आणि टू-डी इको करून घ्या, इको जुन्याशी ताडून पाहायला सांगा. पाय सुजले किंवा आडवं होताच दम कोंडला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. केमो मात्र परस्पर बंद करू नका.