लिलावात घेतलेला नक्षीदार खंजीर : मूळ शोधायला खर्च किती?

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावात महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघुजी भोसले (पहिले) यांची तलवार मध्यस्थामार्फत मिळवली. वाहतूक, हाताळणी आणि विमा धरून खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये. तिचं पातं युरोपीय बनावटीचं, सरळ आणि एकधारी. मूठ मात्र सोन्याच्या नक्षीची, मुल्हेरी घाटाची. मुल्हेर हे नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातलं गाव. पात्यावरच्या देवनागरी लेखाने मालकाचं नाव सांगितलं.

ऑनलाइन लिलावातून आगळावेगळा खंजीर किंवा सुरा घेतला असेल, तर यातून एक गोष्ट घ्या. पातं, मूठ आणि म्यान या तिन्हींचं मूळ वेगवेगळं तपासा. पातं एका मुलखातलं आणि मूठ दुसऱ्या मुलखातली, असं जुन्या हत्यारांत नेहमीच आढळतं.

घरी : दोन-तीनशे रुपये
दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी आणि लोहचुंबक एवढं पुरतं. दिवसाच्या उजेडात, पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजू, पात्याची पाठ, मुठीचा सांधा आणि प्रत्येक अक्षर किंवा ठसा यांचे फोटो घ्या.

आता आकार बघा. पातं पुढे वाकलेलं आणि मुठीजवळ छोटी खाच असेल, तर नेपाळी कुकरी. रुंद, वाकडं, दुधारी पातं आणि मधोमध उंच शीर असेल, तर अरबी वळणाचा जंबिया. पाठ जाड, आडव्या छेदात इंग्रजी ‘टी’सारखी आणि टोक सुईसारखं असेल, तर इराण ते उत्तर हिंदुस्थान या पट्ट्यातला पेशकब्ज. नागमोडी पात्याचा क्रिस जावा-मलायाकडचा. मुठीत आडव्या दांड्या असलेली कट्यार मात्र अस्सल हिंदुस्थानी.

मग नक्षी भिंगाखाली धरा. खऱ्या कोफ्तगिरीत पोलादावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघा ओरखडून त्यात सोन्या-चांदीची तार ठोकून बसवतात. जिथे तार निघाली असेल, तिथे त्या रेघा उघड्या दिसतात. खोलगट भागात नुसताच सोनेरी थर साचला असेल, तर तो रंग समजा. पितळी मुठीवर साच्याची सलग रेघ दिसली, तर वस्तू बहुधा अलीकडची, शोभेची. चांदीच्या म्यानाची शुद्धता सराफाकडच्या यंत्रावर साधारण शंभर-दोनशे रुपयांत कळते. पोलादाचं वय सांगणारी स्वस्त चाचणी मात्र नाही.

घासूनपुसून चकाकी आणू नका. लिंबू, चिंच, पॉलिश पेपर यांनी जुना थर जातो, अक्षरं पुसट होतात आणि किंमतही उतरते. मऊ कापडाने यंत्राच्या तेलाचा हलका हात पुरे.

जाणकाराकडे : फोटो फुकट, प्रवास आपला
सदबीज, बोनहॅम्स यांसारखी लिलावघरं फोटोंवरून प्राथमिक अंदाज विनाशुल्क देतात. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय इथल्या शस्त्रांशी आपली वस्तू ताडून बघा. जाताना फोटोच न्या, खंजीर घरीच ठेवा. पैसे घेऊन ‘शिवकालीन’ असं प्रमाणपत्र देणाऱ्याला आधी पुरावा विचारा. लंडनहून साताऱ्यात आलेल्या वाघनखांबाबतही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ती शिवाजी महाराजांचीच असल्याचं सिद्ध करता येत नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे.

लिलावाचं बिल
बाजार समितीत पुकारलेला भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारे पैसे एक नसतात. इथेही तसंच, फक्त भार खरेदीदारावर. बोली १०,००० रुपयांना तुटली आणि लिलावघराचं कमिशन २० टक्के असेल, तर १२,००० झाले. वर कर, पॅकिंग, विमा आणि वाहतूक. बोली लावण्याआधी कमिशनचा दर वाचा आणि कुरिअर धारदार वस्तू नेतं का, हे विचारा.

कायदा
पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, तर ते शस्त्र नियमांच्या यादीत येऊ शकतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ नुसार मनाई आदेश लागू असताना हत्यार बाहेर नेणं गुन्हा आहे. शंका असेल, तर पोलीस ठाण्यात आधी विचारा. वस्तू १०० वर्षांहून जुनी ठरली, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं.

मूळ शोधायला फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते. लिलावाचं बिल, कॅटलॉगमधलं वर्णन आणि विक्रेत्याने सांगितलेला मालकीचा इतिहास लेखी घेऊन ठेवा. कागद नसलेल्या खंजिराला जादा पैसे मोजू नका.