फ्लूचा विषाणू ओळखणाऱ्या अँटिबॉडी



मागील हिवाळ्यात एक पालक अंग तापलेल्या मुलाला घेऊन शाळेत आले. "सर, चाचणी निगेटिव्ह आहे. फ्लू नाही, वर्गात बसू द्या," असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही मुलाला घरी पाठवले, परंतु कारण नीट समजावून सांगू शकलो नाही. ते आज सांगत आहोत.

शरीरात परका पदार्थ शिरला की काही पेशी त्याला चिकटणारी प्रथिने तयार करतात. आम्ही कॉलेजात हिंदीतून शिकलो तेव्हा त्यांना 'प्रतिरक्षी' म्हणत असू. मराठीत त्यांना 'प्रतिपिंडे' म्हणतात, आणि बोलताना सगळेच अँटिबॉडी म्हणतात. प्रत्येक अँटिबॉडी एक ठरावीक खूण ओळखते. प्रयोगशाळेत याच गुणाचा उपयोग होतो.

१९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या शास्त्रज्ञांनी माणसातील फ्लूचा विषाणू प्रथम वेगळा केला. त्यासाठी त्यांनी फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी वापरला. फ्लू होऊन गेलेल्या फेरेटच्या रक्ताचे सीरम आजही विषाणूंचे प्रकार ताडून पाहण्यास वापरतात. मात्र अशा सीरममध्ये अनेक तऱ्हेच्या अँटिबॉडी मिसळलेल्या असतात. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. त्यामुळे एकाच तऱ्हेची अँटिबॉडी हवी तेवढी मिळू लागली. या कार्यासाठी त्यांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रश्न असा, की विषाणूची कोणती खूण पकडायची? एखाद्या मुलाला आम्ही त्याच्या स्वेटरवरून ओळखू लागलो, तर पुढच्या थंडीत नवा स्वेटर आला की फसू. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन असेच वरचेवर बदलते. उपप्रकार ओळखायचा असेल तर त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी लागते. विषाणूच्या आतले न्यूक्लिओप्रोटीन मात्र फारसे बदलत नाही. म्हणून फ्लू 'ए' की 'बी' एवढेच पाहणाऱ्या झटपट चाचणीत बहुधा त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी असते.

या चाचणीच्या पट्टीवर अँटिबॉडीची एक अदृश्य रेघ असते. नमुन्यात विषाणूचे प्रथिन पुरेसे असेल तरच ती रंगते. नाकातला नमुना नीट घेतला नाही किंवा फार उशिरा घेतला, तर आजार असूनही रेघ उमटत नाही. जुन्या पद्धतीच्या झटपट चाचण्या १०० रुग्णांपैकी साधारण ५० ते ७० जणांतच फ्लू पकडत. नव्या चाचण्या सुधारल्या आहेत, तरी आरटी-पीसीआर अधिक खात्रीची.

पट्टीवरची दुसरी, म्हणजे कंट्रोलची रेघ फक्त द्रव पट्टीवरून नीट पुढे सरकल्याचे सांगते. नमुना चांगला होता, असे ती सांगत नाही. ती उमटलीच नाही तर चाचणी रद्द समजावी.

विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, 'सापडले नाही' आणि 'नाही' यांत फरक आहे. पालकांना नम्र विनंती, की चाचणी काहीही सांगो, औषधाशिवाय ताप उतरून २४ तास होईपर्यंत मुलाला घरीच ठेवावे. बुडालेला अभ्यास आम्ही भरून काढू.