खलनायक वजा करून उरणारे काम

सुपरहिरो ही कल्पना गुन्ह्याच्या पायावर उभी आहे. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघांनी अमेरिकेत सुपरमॅनला वाचकांसमोर आणले आणि १९९७ मध्ये दूरदर्शनवर शक्तिमान अवतरला. या साठ वर्षांत पोशाख बदलले, शक्तींची यादी लांबत गेली, परंतु कामाची पद्धत तीच राहिली, की आधी कोणीतरी गुन्हा करावा, कोणीतरी हाक मारावी आणि मग नायकाने धावून यावे. गुन्हाच उरला नाही तर हे महानायक दिवसभर काय करतील, हा प्रश्न म्हणूनच वरवर पोरकट वाटला तरी दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या काळजीत पडलेल्या पालकांना तो बराच उपयोगी पडू शकतो. गणवेशाचे, धाडसाचे किंवा संरक्षणाचे कोणतेही क्षेत्र डोळ्यांसमोर असो, त्यातून खलनायक वजा करावा आणि मागे काय शिल्लक राहते ते पाहावे. कारण खलनायक रोज भेटत नाही, शिल्लक राहिलेले काम मात्र निवृत्तीपर्यंत रोज करावे लागते.

ही वजाबाकी कागदावर करत बसण्याची गरज अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ मध्ये नामांतर झालेल्या जुन्या अहमदनगर जिल्ह्यात, पडत नाही. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर या गावात घरांना चौकटी आहेत पण दारे नाहीत, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. चोरी करणाऱ्याला शनिदेव शिक्षा केल्याशिवाय सोडत नाहीत, अशी गावाची श्रद्धा असून त्या श्रद्धेपायी पिढ्यान्‌पिढ्या कडी-कोयंड्याचा वापर टाळला गेला आणि जानेवारी २०११ मध्ये युको बँकेनेही येथे दाराला नेहमीचे कुलूप नसलेली शाखा उघडली, अर्थात रोकड आणि लॉकर यांच्या सुरक्षिततेची वेगळी सोय करूनच. गुन्हेशास्त्रात, म्हणजे गुन्ह्याची कारणे आणि त्यावरील उपाय यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, ज्याला प्रतिरोधन म्हणतात त्याला बोलीभाषेत ‘वचक’ हा नेमका शब्द आहे. शिक्षा प्रत्यक्ष होण्याआधीच तिच्या भीतीने हात आखडतो, तो वचक. या दृष्टीने पाहिले तर उघड्या चौथऱ्यावर, छपराविना उभा असलेला शिंगणापूरचा देव हा जागेवरून न हलता काम भागवणारा महानायक आहे, असे म्हणायला हरकत नाही.

तरीही २०१५ मध्ये या गावात पोलीस ठाणे सुरू झाले. चोरीच्या काही तक्रारी त्याआधीच्या काही वर्षांत नोंदल्या गेल्या होत्या हे खरे असले, तरी ठाण्याची गरज केवळ तेवढ्याने सिद्ध होत नाही. शनी अमावास्येला लाखोंच्या संख्येने लोटणारी गर्दी, वाहनतळ, चुकलेली मुले, उन्हात चक्कर येणारे वृद्ध आणि रस्त्यावरचे अपघात यांपैकी एकाही गोष्टीत खलनायक नसतो, पण वर्दीतील माणूस प्रत्येक ठिकाणी लागतो. गर्दी व्यवस्थापन ही आता स्वतंत्र अभ्यासाची शाखा आहे. एका दरवाजातून मिनिटाला किती माणसे सुरक्षितपणे बाहेर पडू शकतात, उतारावर किंवा पायऱ्यांवर हा वेग किती घटतो, रांग कोठे मोडावी आणि कोठे वळवावी, याचा हिशेब त्यात केला जातो. हा हिशेब चुकला की काय होते हे महाराष्ट्राने जानेवारी २००५ मध्ये वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत पाहिले, जेथे चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविकांचा बळी गेला. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुंभमेळा भरेल, तेव्हा शिर्डी आणि शिंगणापूरच्या रस्त्यांवरही याच विद्येची कसोटी लागेल.

शिंगणापूरच्या घरांमधली एक बारीक गोष्ट येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दार नसलेल्या चौकटीला काही घरांत रात्री एक लाकडी फळी आडवी लावतात, कारण भटके कुत्रे आत शिरते. आणि कुत्र्याला ना देवाचा वचक ना कायद्याचा. चोर नसलेल्या गावातही रक्षणाचे काम संपत नाही, ते फक्त कुलपाकडून फळीकडे जाते. दुसऱ्या टोकाला, २०२५ मध्ये याच देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप चालवून भाविकांकडून पूजेचे पैसे उकळल्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि प्रकरण सायबर पोलिसांकडे गेले. मोबाइलवरून होणाऱ्या फसवणुकीला घराचे दार ओलांडावेच लागत नाही, त्यामुळे दाराचा वचक तेथे निरुपयोगी ठरतो. सायबर सुरक्षेत करिअर करू इच्छिणाऱ्यांनी मात्र एक गैरसमज टाळावा. या क्षेत्रातील बहुतेकांचे दिवस हॅकरचा पाठलाग करण्यात जात नाहीत. ते नोंदी तपासण्यात, जुन्या प्रणाली अद्ययावत ठेवण्यात आणि पासवर्ड कोणाला सांगू नये हे कर्मचाऱ्यांना पुन्हा पुन्हा समजावण्यात जातात, आणि ज्याला हे रटाळ वाटते त्याने चित्रपट पाहून हा मार्ग धरू नये.

जिल्ह्यातील सर्वाधिक तरुणांच्या मनातला महानायक अजूनही खाकीतच आहे. पहाटे मैदानावर १,६०० मीटर आणि १०० मीटर धावण्याचा सराव करणारी मुले, ८०० मीटरची वेळ सेकंदांनी कमी करणाऱ्या मुली आणि ७.२६० किलोचा गोळा खांद्याशी घेऊन उभी असलेली मुले तालुक्याच्या कोणत्याही गावी दिसतात. पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण ही शैक्षणिक अट आहे, मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते, आणि खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय २८ वर्षे आहे. यांपैकी शेवटचा आकडा पालकांनी सर्वांत आधी पाहायला हवा, पण घरात तो बहुधा शेवटी पाहिला जातो. अठराव्या वर्षी सुरू केलेली तयारी दोन-तीन भरत्यांमध्ये फळाला आली नाही, तर हाती बळकट शरीर, वेळेची शिस्त आणि सामान्य ज्ञानाची भरपूर टिपणे उरतात, पदवी किंवा कौशल्य मात्र उरत नाही. म्हणून भरतीची तयारी करणाऱ्याने सोबत पदवी, आयटीआय किंवा पदविका चालू ठेवणे हा सल्ला न राहता अटच मानली पाहिजे, आणि केवळ मैदान मारण्यासाठी शिक्षण सोडायला लावणाऱ्या कोणत्याही ॲकॅडमीकडे संशयाने पाहिले पाहिजे.

खलनायक वजा केल्यावर सर्वांत मोठी शिल्लक ज्या ठिकाणी दिसते ते गाव म्हणजे नगर तालुक्यातील हिवरे बाजार. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या काळात पाण्याअभावी शेती बसली, लोक कामासाठी बाहेर पडले, गावात राहिलेल्यांपैकी अनेकांना दारूने घेरले आणि भांडणे, हाणामाऱ्या नित्याच्या झाल्या. सुपरहिरोच्या कथेत अशा गावात एखादा बलवान येतो, दारूच्या भट्ट्या लाथाडतो आणि गुंडांना झोडपून निघून जातो. हिवरे बाजारमध्ये १९८९ साली सरपंचपदी आले ते एम. कॉम. झालेले आणि क्रिकेटमध्ये पुढे जाण्याची इच्छा असलेले पोपटराव पवार, आणि त्यांनी गुन्ह्याच्या मागे न धावता पाण्याच्या मागे धावण्याचे ठरवले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. डोंगरउतारावर समतल चर खोदले गेले, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले असे चर की ज्यांत पावसाचे पाणी धावण्याऐवजी थांबते आणि मुरते. नाल्यांवर बांध पडले आणि विहिरींना पाणी आले. शेतात काम मिळू लागले, बाहेर गेलेली कुटुंबे परतली आणि भांडणाला लागणारा रिकामा वेळ कमी झाला. गुन्हेगार पकडून गाव शांत झाले असते का, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही, परंतु पाणी अडवून ते झाले हे डोळ्यांना दिसते.

या गावाचे खरे अस्त्र म्हणजे पाण्याचा ताळेबंद. दुकानदार जसा वर्षअखेरीस जमा आणि खर्च मांडतो, तसा गाव दरवर्षी पावसाचा जमाखर्च मांडतो आणि त्यावरून त्या वर्षी कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरते. हा हिशेब मुळात सोपा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. गावाचे क्षेत्र एक हजार हेक्टरांहून थोडे कमी आहे. सोयीसाठी पूर्ण हजार धरले तर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० कोटी लिटर. त्यातले काही वाफ होऊन जाते, काही वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते आणि काही खोल मुरते. माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा वाटा आधी बाजूला काढायचा, मग शेतीचा. पाऊस कमी पडलेल्या वर्षी जास्त पाण्याच्या पिकाचा मोह गावाने मिळून टाळायचा असतो, आणि सिंचनासाठी बोअर घेण्याची बंदी पाळायची असते. या कामात हवेत उडण्याची शक्ती कोठेच लागत नाही, वजाबाकी मात्र अचूक लागते.

पोपटराव पवार यांना २०२० च्या यादीत पद्मश्री जाहीर झाली. त्याच यादीत अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी देशी बियाणे जपणाऱ्या राहीबाई पोपेरे होत्या आणि श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज झहीर खानही होता. क्रिकेट मागे ठेवून सरपंच झालेला माणूस, शाळेत न गेलेली शेतकरी स्त्री आणि भारताकडून खेळलेला गोलंदाज एका ओळीत बसले, ही गोष्ट ‘आमच्या मुलात काही खास नाही’ असे म्हणणाऱ्या पालकांनी घरी एकदा बोलून पाहावी.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या कामाचे रस्ते ठरलेले आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय असून तेथील बी. टेक. अभ्यासक्रमात मृद व जलसंधारण हा प्रमुख विषय आहे. भूगर्भशास्त्राच्या पदवीधरांना राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत वाव असतो, जेथे निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षानुवर्षे मोजून गावाच्या पोटात काय चालले आहे याचा अंदाज बांधला जातो. पगार शहरातल्या संगणक कंपनीइतका सुरुवातीला मिळणार नाही, हेही मान्य करून ठेवावे.

अग्निशमनाबद्दल थोडक्यात एवढेच, की या क्षेत्राचा मोठा भाग आग लागण्याआधीचा आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्णांचा मृत्यू झाला, तेव्हा फायर ऑडिट हा शब्द घराघरांत पोचला. ऑडिट म्हणजे इमारतीतील वायरिंग, पाण्याचा दाब, बाहेर पडण्याचे मार्ग आणि यंत्रणा चालू स्थितीत आहेत का याची तपासणी. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने अशा यंत्रणेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, देणे बंधनकारक केले आहे. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात या विषयाची अभियांत्रिकी पदवी घेता येते. ज्या तपासनीसामुळे आग लागलीच नाही, त्याचा सत्कार कोणी करत नाही, आणि हे ज्याच्या मनाला लागेल त्याने दुसरा व्यवसाय निवडावा.

अकोले-संगमनेरच्या उसात राहणारा बिबट्याही खलनायक नाही, जरी बातम्यांत त्याला तसे रंगवले जाते. भक्ष्यामागे धावताना तो कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, तेव्हा गावकरी दोरांना बाज बांधून खाली सोडतात, दमलेले जनावर तिच्यावर चढून बसते आणि मग वनखात्याचा पिंजरा उतरवला जातो. या प्रसंगात वनरक्षक, पशुवैद्यक आणि जमाव काठावरून मागे हटवणारा पोलीस असे तीन व्यवसाय एका विहिरीभोवती उभे असतात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अकोले भागातील संशोधनाने दाखवून दिले, की दाट वस्तीच्या शेतीप्रदेशातही बिबटे मोठ्या संख्येने माणसांच्या शेजारी राहत असतात. तेव्हा यातले खरे काम बिबट्याला ‘हरवण्याचे’ नसून शेजार सांभाळण्याचे आहे.

शेजार माणसांचाही सांभाळावा लागतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती गावातले दिवाणी, महसुली आणि फौजदारी तंटे गावातच सामोपचाराने मिटवण्यासाठी. तंट्याची गंमत अशी, की बांधाच्या भांडणात दोन्ही भावांना आपणच बरोबर वाटत असते आणि बहुतेकदा दोघेही अर्धे बरोबर असतात. तेथे मुष्टियोद्धा निरुपयोगी ठरतो. भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक, म्हणजे मोजणी करून हद्द दाखवणारा कर्मचारी, आणि दोघांचेही ऐकून घेणारा मध्यस्थ उपयोगी पडतो. पहिल्यासाठी स्थापत्य पदविका किंवा सर्वेक्षकाचा आयटीआय अभ्यासक्रम पुरतो, दुसऱ्यासाठी बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम हा एक चांगला रस्ता आहे. आणि २०२३ च्या मध्यस्थी कायद्यामुळे मध्यस्थीला स्वतंत्र व्यवसायाचे रूप येऊ लागले आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अकरावीला विज्ञान शाखा घेतलेली अनेक मुले गणित अवघड जाते म्हणून ते सोडतात आणि जीवशास्त्रावर भिस्त ठेवतात. त्यांतल्या ज्यांना हिवरे बाजारच्या ताळेबंदासारखे काम पुढे करावेसे वाटेल, त्यांनी हे लक्षात ठेवावे, की कृषी अभियांत्रिकीच्या बी. टेक. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्राबरोबर गणित लागतेच.